फुए म्हणजे होती की गेली?

सर्कशीत होतो म्हटलं की लोक आधी वाघाचं विचारतात. मी बावीस वर्षं सर्कशीत काढली, पण वाघाशी माझा संबंध एवढाच, की त्याच्या मटणासाठी सरकारकडे जे इंग्रजी अर्ज जायचे ते मी लिहायचो. रेल्वेचे डबे, मैदानाचा परवाना, हत्तीच्या दाखल्यावर हत्तीचं वय, असली माझी कामं. हत्तीचं वय मी दरवर्षी तेच लिहीत असे. त्याबद्दल हत्तीनं कधी तक्रार केली नाही आणि सरकारनंही नाही.

त्याआधी मी साताऱ्याला शाळेत मास्तर होतो. इंग्रजी आणि संस्कृत शिकवायचो, म्हणजे पोरांकडून रूपं घोकून घ्यायचो. सर्कस साताऱ्यात आली तेव्हा मालकांना इंग्रजी लिहिणारा माणूस हवा होता आणि मला शाळेतून सुटका. मालक तासगावाकडचे. सगळे त्यांना बापू म्हणत. दोन हातात दोन सिंहिणी खेळवणारा माणूस, पण लिफाफा दिसला की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "मास्तर, कलेक्टराला भिऊन लिवता का दाबून लिवता?" मी म्हटलं, "भिऊन सुरुवात करतो, शेवटी दाबतो." नोकरी पक्की झाली.

पण मी सांगणार आहे ते हत्ती-वाघांचं नाही. मी सर्कशीत खरं धोक्याचं काम केलं ते एका क्रियापदावर, आणि तेही स्पॅनिश.

युद्ध सुरू झालं तेव्हा पूर्वेकडे खेळ करत फिरणारी एक युरोपातली मंडळी कोलंबोत अडकली आणि फुटली. त्यातला एक जण फिरत फिरत आमच्या पावसाळी मुक्कामाला आला. पावसाळ्यात सर्कस हिंडत नाही. मिरजेजवळ आमची पत्र्याची मोठी शेड होती, तिथं चार महिने जनावरं खायची आणि माणसं सराव करायची. हा गृहस्थ पंचावन्नचा, ठेंगणा, खांदे बैलासारखे. नाव रामोन. दुसऱ्या दिवशी त्याचा रामण्णा झाला. सीमेवरच्या आमच्या भागात ज्याचं नाव नीट उच्चारता येत नाही त्याच्यापुढे 'अण्णा' लावतात आणि मोकळे होतात.

त्यानं शेडच्या तुळईला दोर टाकला, झुला बांधला आणि त्या वयात हवेत अशी एक कोलांटी घेतली की बापूंनी त्याला तिथल्या तिथं ठेवून घेतलं. अडचण एकच होती. त्याला इंग्रजीचे तीन शब्द येत होते आणि ते तिन्ही बायकांसमोर बोलायचे नव्हते.

"मास्तर," बापू म्हणाले, "तुमी एवढं शिकल्यालं, ह्याची भाषा तेवढी शिकून घ्या. आठ दिस पुरं हुतील का?"

मी पुण्याला जाऊन रद्दीच्या दुकानांतून एक स्पॅनिश व्याकरण पैदा केलं. त्याचा पुढचा अर्धा भाग वाळवीनं खाल्ला होता. नामं, सर्वनामं, 'नमस्कार', 'पाणी द्या' सगळं वाळवीच्या पोटात गेलेलं. उरली होती ती मागची पानं, अनियमित क्रियापदांची. म्हणजे मला 'भाकरी' म्हणता येत नव्हतं, पण 'त्यांनी जावं असं वाटत होतं' याचं रूप मी सांगू शकत होतो.

पहिलंच पान 'जाणे' या क्रियापदाचं. मूळ धातू 'इर'. वर्तमानकाळात त्याचं होतं 'बोय', भूतकाळात 'फुई', रीतिभूतकाळात 'इबा', आणि भविष्यात स्वारी परत 'इरे'वर. एका घरातली माणसं वाटू नयेत इतके चेहरे वेगळे. आधी मी हसलो. मग लक्षात आलं, आपलं तरी काय? जातो, आणि गेलो. यात सारखं काय आहे? जन्मभर बोलतोय म्हणून आपल्याला दिसत नाही एवढंच.

पुस्तकात 'व' छापलेला असे, रामण्णा 'ब' म्हणे. मी सवयीनं चालीवर घोकायला लागलो. बोय बास बा, बामोस बाइस बान. फुई फुइस्ते फुए, फुइमोस फुइस्तेइस फुएरोन. विहिरीवर आंघोळ करताना मी हे मोठ्यानं म्हणायचो. माहुताला वाटलं मी कसलंतरी अनुष्ठान धरलंय. आठवड्याभरात तोही माझ्यामागून म्हणायला लागला आणि त्याचं स्नान माझ्यापेक्षा शुद्ध उच्चारात व्हायला लागलं. रामण्णा मला 'माएस्त्रो' म्हणे. 'मास्तर' हा शब्द आपल्याच भाषेतून इकडे आला असा त्याचा समज होता, आणि तो मोडण्याइतकं स्पॅनिश मला येत नव्हतं.

आता झुल्याचं काम कसं चालतं ते सांगतो. एका बाजूला उंच फळीवर उडणारा उभा असतो, त्याच्या हातात झुल्याची दांडी. समोरच्या झुल्यावर धरणारा गुडघ्यांत दांडी अडकवून उलटा लोंबकळत असतो. उडणाऱ्यानं फळी सोडली की धरणाऱ्यानं आपला झोका असा जुळवायचा, की हवेत दोघांचे हात एकाच क्षणी एकाच जागी यावेत. अर्धा झोका चुकला तर खाली जाळी. आमच्याकडे उडणारी होती शेवंता, बाविशीची, सर्कशीतच जन्मलेली आणि कुणालाही न भिणारी. धरणारा भीमा. सांगलीच्या तालमीतला पैलवान, मनगटं माझ्या पोटरीएवढी.

रामण्णाचा नियम असा की फळी सोडताना उडणाऱ्यानं ओरडायचं, 'बोय!' ते ऐकून धरणाऱ्यानं मनात मोजायचं. मी भीमाला सांगितलं, "बोय म्हणजे जाते. ती बोय म्हणाली की समज, फळी सुटली."

तेच शेवंताला सांगायला गेलो तर ती उसळलीच. "झुल्यावर 'जाते' म्हणू? मास्तर, घरातनं बाजाराला निगताना सुदिक आमी 'येते' म्हणतो, आन तुमी मला वर चढवून 'जाते' म्हणायला लावताय? मी न्हाई म्हणायची."

तिचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे जाणारा माणूस कधी 'जातो' म्हणत नाही. रामण्णाकडे उलट. त्याला कुणी जेवायला हाक मारली की तो तंबूतून ओरडायचा, 'बोय!' आपण तिथं 'आलो' म्हणतो आणि जागचे हलत नाही. तोही हलत नसे. तेव्हा मला वाटलं, झालं काम! मी शेवंताला सांगितलं, "बोय म्हणजे आले."

"मग हरकत न्हाई," ती म्हणाली.

माझ्या हुशारीवर मी इतका खूश झालो की त्या दिवशी दोनदा जेवलो.

सुरुवातीला रामण्णा टाळ्या वाजवून दोघांना वेळ देत होता, तोवर सगळं सुरळीत चाललं. मग एके सकाळी त्यानं टाळ्या बंद केल्या. आता तोंडी इशाऱ्यावर. शेवंतानं फळी सोडली, गुपचूप. झोका घेतला, पुढच्या टोकाला गेली, दांडी सोडली, अंग गोळा केलं, उलगडलं, आणि भीमाच्या दिशेनं हात पसरून आनंदानं ओरडली, "बोय!" म्हणजे आले. तिच्या हिशोबी बरोबर. आणि भीमानं तेव्हा मोजायला सुरुवात केली. त्याच्या हिशोबी तेही बरोबर.

ती जाळीच्या अगदी कडेला पडली. युद्धामुळे दोर मिळत नव्हता, जाळी ठिकठिकाणी गाठी मारलेली. उसळून ती बाहेर फेकली गेली आणि सावरायला तिनं दोरात हात घातला तो तिथंच पिळवटला. मनगट निखळलं. मिरजेच्या हाडवैद्यानं ते बसवलं तेव्हा तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, माझ्या निघाला.

भीमा ढसढसा रडत होता. "माझं चुकलं, माझा झोका चुकला." रामण्णा त्याच्या पाठीवर हात फिरवत होता. बापू दोराला शिव्या देत होते. कुणाचंच चुकलं नव्हतं. मी एका शब्दाचे दोन अर्थ दोघांना एकेक वाटून दिले होते. हे मी सर्वांसमोर सांगितलं. शेवंता म्हणाली, "मास्तर, फुडच्या टायमाला एकच अर्थ आना. लय झाले तर आमाला झेपत न्हाईत."

यापुढे मी काही काळ कुणालाच काही भाषांतर करून द्यायला नको होतं. पण माणसं प्रश्न विचारतात. हात गळ्यात बांधून बसलेल्या शेवंतानं एक दिवस विचारलं, "रामण्णाची बायकू कुटं असती, इचारा की."

मी विचारलं. रामण्णानं हात वर करून लांब कुठंतरी झटकला आणि म्हणाला, "से फुए."

'से' वाळवीच्या पानात गेलेला. 'फुए' मात्र माझ्याकडे होता, आणि त्याचीही एक गंमत होती. 'असणे' या क्रियापदाचा भूतकाळ आणि 'जाणे' या क्रियापदाचा भूतकाळ या लोकांनी एकच ठेवलेला आहे. फुए म्हणजे होती आणि फुए म्हणजे गेली. मी विचार केला, काहीही धरलं तरी दुर्दैव एकच. आणि बायकांना सांगितलं, "त्याची बायको गेली."

'बायको गेली' याचा अर्थ मराठीत एकच होतो. रामण्णाला पिठलं-भाकरी यायला लागली. बायका त्याच्या तंबूपाशी येऊन पदर डोळ्यांना लावून बसत. तोही त्यांना पाहून डोळे पुसायचा, कारण पिठल्यात मिरची असायची. सर्वपित्रीला बापूंनी फर्मान काढलं, "मानूस परदेशी हाय, त्याच्या बायकूचं कोन करनार? आपुन करू." मी तिचं नाव विचारून घेतलं. पिलार. भातावर पिलारच्या नावानं तीळ पडले, पान शेडमागं ठेवलं, आणि कावळा शिवेना.

तासभर आम्ही उभे. भीमानं हात जोडून सांगितलं, "वयनी, तुमच्या मालकाची काळजी करू नगा, आमी हाय." कावळा नाही. शेवंतानं कबूल केलं, "हात बरा झाला की डबल कोलांटी घेईन." कावळा फांदीवर बसून मान वाकडी करून बघत राहिला. रामण्णाला हा सगळा प्रकार पावसाळ्यातला कसलातरी सण वाटत होता. तो पुन्हा पुन्हा विचारत होता की भात कधी खायचा. शेवटी आम्ही दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेली.

आठ-दहा दिवसांनी त्या मृत बाईचं पत्र आलं.

पाकिटावर परदेशी तिकीट, कडेला सेन्सॉरची पट्टी, आणि तीन-चार जुन्या पत्त्यांवर काट. मागं लिहिलेलं, पिलार, ब्वेनोस आयर्स. मी ते नाव वाचलं आणि शेवंताकडे बघितलं. ती म्हणाली, "तरीच! कावळ्याला आदीच ठावं हुतं."

रामण्णाला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याचाही जन्म सर्कशीतलाच. तेव्हा पत्र मी वाचून दाखवायचं ठरलं. मला ते वाचता येत होतं पण कळत नव्हतं, त्याला कळत होतं पण वाचता येत नव्हतं. मी रूपावली म्हणतात तशा चालीवर वाचू लागलो. एका ओळीत दोनच शब्द होते, 'फुई तोन्ता.' रामण्णा ताडकन उठला. "ओत्रा बेस!" पुन्हा. मी पुन्हा वाचलं. त्यानं ती ओळ माझ्याकडून चार वेळा वाचून घेतली. चौथ्यांदा तो हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्या दिवशी पिठलं नव्हतं. 'तोन्ता' म्हणजे काय ते त्यानं स्वतःच्या कपाळावर चापट मारून दाखवलं. मी मूर्ख होते.

मग खाणाखुणांनी सगळं कळलं. पिलार मेली नव्हती. ती एका सिंहवाल्याबरोबर निघून गेली होती. आता सिंहवालाही निघून गेला होता. ती विचारत होती, तू जिवंत आहेस का? ईस्टरपर्यंत मी या पत्त्यावर आहे. उत्तर आलं नाही तर घर सोडून बहिणीकडे आत खेड्यात जाईन.

त्यानं उत्तर सांगितलं, मी कानाला येईल तसं लिहिलं. आम्हा दोघांच्या अशुद्धांचं ते एकत्र स्मारक असेल. शेवटी एकच शब्द होता, 'इरे.' येईन.

पत्र घेऊन मी निघालो तर बापूंनी दारात अडवलं. सिंहिणींना अडवताना जसे उभे राहत तसे नव्हते, जरा ओशाळे होते.

"मास्तर, शेवंताचं मनगट आत्ता कुटं बसलंय. दसऱ्यानंतर सांगलीला तंबू लागनार. ह्ये पत्र गेलं की त्यो गडी बोटीच्या मागं मुंबईला पळनार. वर बगनारं मानूस नसलं आन पोरगी पुन्हा पडली तर? सांगलीचा खेळ हू द्या, मग टाका. पत्र काय नासतंय व्हय?"

बापूंचं म्हणणं अगदीच वाईट नव्हतं. पण मी पत्र ट्रंकेत ठेवलं ते शेवंताच्या काळजीनं, असं म्हटलं तर खोटं होईल. रामण्णा आल्यापासून मी सर्कशीतला महत्त्वाचा माणूस झालो होतो. माझ्या तोंडाशिवाय झुला हलत नव्हता. तो गेला असता तर मी पुन्हा हत्तीच्या वयाचा कारकून.

सांगलीला खेळ झाला. 'बोय'ला आता एकच अर्थ ठेवला होता, फळी सुटली. भरल्या तंबूत शेवंता फळी सोडतानाच ओरडली, 'बोय!', आणि भीमानं तिला अशी अलगद धरली की पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं पागोटं हवेत फेकलं. दुसऱ्या आठवड्यात डबल कोलांटीही झाली. ती कुणाला कबूल केली होती ते आम्ही रामण्णाला सांगितलं नाही.

एका सकाळी सरावानंतर रामण्णा माझ्यापाशी आला. हातात त्यानं स्वतः विणलेला एक कातडी पट्टा होता, माझ्यासाठी. पोस्टाच्या दिशेनं बोट दाखवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "तू फुइस्ते." तू गेलास. आणि पट्टा माझ्या हातात ठेवला.

सबबी बऱ्याच सुचल्या, पण त्या सगळ्यांची नामं वाळवीनं खाल्लेली. माझ्याजवळ दोनच शब्द होते.

"नो फुई," मी म्हणालो. मी गेलो नाही.

व्याकरणाच्या दृष्टीनं ते माझं पहिलं निर्दोष स्पॅनिश वाक्य.

त्याला कळलं. मी तंबूत जाऊन ट्रंकेतून पत्र आणलं, त्याच्यापुढे धरलं. शेवंतानं ते बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू शाळेतून काढून टाकलेला मी पहिलाच मास्तर. बापू एकाएकी घोड्यांना चारा घालायला निघून गेले.

ते पत्र पुढे पोचलं हे आत्ताच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला टांगून ठेवायचं काम झुलेवाल्यांचं. पिलारनं घर सोडलं होतं, पण घरमालकिणीनं पत्र पुढं पाठवलं. युद्ध संपून बोटी सुरू झाल्या तेव्हा रामण्णा तिच्याकडे गेला. पण हे त्या सकाळी आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ईस्टर गाठता येईल की नाही एवढाच प्रश्न होता, आणि दीड महिना मी खाल्ला होता.

रामण्णा ओरडला नाही. त्यानं पत्र माझ्या हातून घेतलं, शेवंताकडे दिलं, आणि वर बोट दाखवलं. फळीकडे.

मला वाटलं, काहीतरी आणायला सांगतोय. शेवंता म्हणाली, "न्हाई मास्तर. तुमी चढायचं."

"मी? कशाला?"

"त्यो सांगतोय म्हून."

मी चप्पल काढली, धोतराचा काचा मारला आणि दोराची शिडी चढलो. खालून वीस हात दिसणारी उंची वरून दोनशे होते. फळी दीड वीत रुंद, आणि हलते. खाली जाळी म्हणजे कुणीतरी वाळत घातलेला रुमाल. त्या पोरीनं इथून रोज पाऊल उचलायचं, समोरच्यानं नेमकं काय ऐकलंय या भरवशावर. मी इतके दिवस खाली खुर्चीवर बसून तिला शब्द पुरवत होतो.

रामण्णा खालून ओरडला, "बे!"

मी फळीचा दोर घट्ट धरला. 'बे' हे 'इर'चं आज्ञार्थी रूप, म्हणजे जा. पण वाळवीतून उरलेल्यांतल्या सतराव्या पानावर 'पाहणे' क्रियापदाचंही आज्ञार्थी 'बे'च. म्हणजे बघ. मी वरून ओरडलो, "शेवंता, त्याला विचार, जा म्हणतोय की बघ म्हणतोय?"

"मास्तर," ती खालून म्हणाली, "आता अर्थ इचारू नगा."

मी उडी मारली. जाळीवर पाठीवर पडायचं असतं हे मी शंभर वेळा भाषांतर करून सांगितलं होतं. मी पडलो तोंडावर. दोन वेळा उसळलो, तिसऱ्यांदा भीमानं काखेत हात घालून धरला आणि जमिनीवर उभा केला. "आवं मास्तर, चष्मा कुटं हाय?" चष्मा जाळीत अडकला होता. नाकाला गाठींचे चौकोन उमटले होते. धोतर तीन ठिकाणी फाटलेलं.

रामण्णानं शेवंताच्या हातातलं पत्र घेऊन माझ्या खिशात घातलं आणि खिशावर दोनदा थोपटलं.

मी सायकल काढली आणि तसाच फाटक्या धोतरानं सांगलीच्या पोस्टात गेलो. खिडकीतल्या कारकुनानं पाकीट उलटसुलट केलं, पत्ता वाचायचा प्रयत्न केला, माझ्या नाकाकडे बघितलं आणि विचारलं, "हे कुठल्या जिल्ह्यात येतं?"

"लांब आहे," मी म्हटलं. "तिकिटं जास्त लावा. आणि आजच्या थैलीत टाका, मी इथं उभा आहे."

थैलीला लाख लागेपर्यंत मी तिथून हललो नाही.